आई-वडील भारतात असले तर अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स मिळतो का?

व्हर्जिनियात शँटिली, रेस्टन, हर्नडन या पट्ट्यात किंवा मेरीलँडमध्ये फोर्ट मीडच्या आसपास नोकरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना एक अनुभव हमखास येतो. जाहिरात मनासारखी, पगार चांगला, काम हातातलं, आणि शेवटी एक ओळ: सिक्युरिटी क्लिअरन्स आवश्यक. एच-वन-बी, मग ग्रीन कार्ड, मग नागरिकत्व अशी वर्षानुवर्षांची वाट चालून आलेला मराठी माणूस इथे थबकतो. आई-वडील साताऱ्यात, भाऊ सरकारी नोकरीत, बायकोचं माहेर नाशिकला, पुण्यात एक फ्लॅट. आपल्याला कोण देणार क्लिअरन्स? काही जण तर अर्ज न करताच मागे फिरतात.

हे मागे फिरणं मला खटकतं, कारण ते बहुतेक वेळा गैरसमजातून होतं. परदेशात नातेवाईक आहेत एवढ्यावरून क्लिअरन्स नाकारला जात नाही. भारतात जन्मलेल्या अनेक अमेरिकी नागरिकांना तो मिळालेला आहे. मात्र नातेवाईकांची चौकशी होते आणि नीट होते. तिला सामोरं कसं जायचं हे माहीत नसल्यामुळे साधी, सरळ प्रकरणंही अडकतात.

आधी मुळापासून. सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची पात्रता म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्स. कॉन्फिडेन्शियल, सिक्रेट आणि टॉप सिक्रेट अशा त्याच्या तीन पायऱ्या. गुप्तचर माहितीचे कप्पे याहून वेगळे असतात. तिथली तपासणी आणखी कडक, काही संस्थांत पॉलिग्राफसुद्धा. क्लिअरन्स स्वतःहून जाऊन काढता येत नाही. एखाद्या सरकारी खात्याला किंवा सरकारी कंत्राट असलेल्या कंपनीला त्या कामासाठी तुमची गरज असावी लागते, आणि तीच तुमचं नाव पुढे करते. कंपनीतला सुरक्षा अधिकारी, ज्याला सगळे एफएसओ म्हणतात, प्रक्रिया सुरू करतो. पुढची तपासणी बहुतेक वेळा डीसीएसए ही संरक्षण खात्याची संस्था करते.

काही अपवादात्मक परवानग्या सोडल्या तर क्लिअरन्स फक्त अमेरिकी नागरिकांनाच मिळतो. ग्रीन कार्डवर मिळत नाही. इथे एक घोटाळा नेहमी होतो. काही जाहिरातींत 'यूएस पर्सन' हवा असं लिहिलेलं असतं. ती अट निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यातली आहे आणि तिच्यात ग्रीन कार्डवालेही बसतात. 'यूएस सिटिझन' आणि 'क्लिअरन्स' हे शब्द दिसले तर प्रकरण वेगळं. जाहिरात नीट वाचा. ग्रीन कार्डवर असाल तर पहिल्या प्रकारच्या नोकऱ्या तुमच्यासाठी आजही खुल्या आहेत.

आता निर्णय कशाच्या आधारावर होतो ते पाहू. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेला १२९६८ क्रमांकाचा आदेश हा पाया. त्यावर जून २०१७ पासून 'सीएड-४' नावाचा निर्देश लागू आहे आणि सगळी सरकारी खाती तोच वापरतात. त्यात 'ए' पासून 'एम' पर्यंत तेरा कसोट्या आहेत: कर्ज, दारू, अमली पदार्थ, गुन्हे, संगणकाचा गैरवापर वगैरे. आपल्या विषयाच्या दोन. कसोटी 'बी' परकीय प्रभावाची आणि कसोटी 'सी' परकीय देशाला झुकतं माप देण्याची. नातेवाईक, मालमत्ता, परदेशातलं बँक खातं हे सगळं 'बी' मध्ये येतं. दुहेरी नागरिकत्व आणि परदेशी पासपोर्ट 'सी' मध्ये.

या सगळ्याच्या मुळाशी असलेलं तत्त्व कडक आहे. क्लिअरन्स हा कुणाचाही हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये नौदल विरुद्ध ईगन या खटल्यात स्पष्ट केलं. शंका उरली तर ती राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने सोडवायची, असा नियम आहे. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो; इथे तो सरकारला मिळतो. पण याचाच दुसरा अर्थ असा की नकार म्हणजे गुन्हेगार ठरवणं नव्हे. बँक कर्ज नाकारते तेव्हा ती तुम्हाला लबाड म्हणत नसते, धोका किती आहे एवढंच मोजत असते, तसंच हे. कसोटी 'बी' खाली नकार मिळालेल्या माणसाच्या देशनिष्ठेवर कुणी बोट ठेवलेलं नसतं. निष्ठेसाठी वेगळी कसोटी आहे, ती 'ए'. हा फरक लक्षात घेतला की चौकशीतला अपमान वाटण्याचा भाग बराच कमी होतो.

मग नातेवाईकांमध्ये नेमकं काय पाहतात? एकच गोष्ट: तुमच्या माणसांना धरून तुमच्यावर दबाव आणता येईल का. ही भीती हवेतली नाही. रेडिओ फ्री एशिया या त्या वेळी अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या प्रसारण संस्थेतल्या उइघुर पत्रकारांनी शिनजियांगमधल्या छावण्यांच्या बातम्या दिल्या, तेव्हा तिकडे राहणारे त्यांचे नातेवाईक ताब्यात घेतले गेले. २०१८ मध्ये हे प्रकरण बरंच गाजलं. पत्रकार अमेरिकेत सुरक्षित, पण भाऊ-बहिणी तिकडे अडकलेल्या. अशा जागी गोपनीय माहिती हाताळणारा माणूस असता तर? कसोटी 'बी' हा एवढाच प्रश्न विचारते.

आणि तरीही, परदेशी नाती म्हणजे फितुरी असं समीकरण इतिहासात सापडत नाही. एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन शिकागोत जन्मलेला, पोलिसाचा मुलगा. त्याने पैशासाठी आधी सोव्हिएत संघाला आणि मग रशियाला माहिती विकली. २००१ च्या फेब्रुवारीत तो पकडला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्यूबासाठी हेरगिरी करणारी ॲना मॉन्टेस पकडली गेली. ती संरक्षण गुप्तचर संस्थेतली वरिष्ठ विश्लेषक, आणि तिची सख्खी भावंडं एफबीआयमध्ये नोकरीला. दोघांवरही कुणी परदेशातल्या नातेवाईकांमार्फत दबाव आणला नव्हता. त्यामुळे परदेशी नात्यांना धोक्याच्या यादीत जागा असावी, पण ती पहिली असू नये, असं माझं मत आहे. नियम करणाऱ्यांनाही हे कळलेलं दिसतं. सीएड-४ मध्ये नुसतं 'परदेशी नातेवाईक' लिहिलेलं नाही. त्या नात्यामुळे 'वाढीव धोका' निर्माण होत असेल तर, असं लिहिलं आहे.

असली चौकशी फक्त अमेरिकेतच होते असंही नाही. आपल्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने परदेशी नागरिकाशी लग्न केलं तर ते सरकारला ताबडतोब कळवावं लागतं. १९६४ च्या वर्तणूक नियमांत ते लिहिलेलंच आहे.

वाढीव धोका ठरतो तो तीन गोष्टी एकत्र पाहून: देश कोणता, नातेवाईक काय करतो, आणि नातं किती जवळचं. चीन, रशिया, इराण या देशांत सख्खी माणसं असतील तर ओझं फार जड. भारताचं चित्र मिश्र आहे. लोकशाही देश, अमेरिकेशी वाढते संरक्षण संबंध या जमेच्या बाजू. पण दहशतवादी हल्ले झालेले आहेत, आणि अमेरिकी तंत्रज्ञान नियम मोडून भारतात पाठवल्याचे खटलेही झालेले आहेत. म्हणजे भारत आहे म्हणून दार बंद नाही, आणि भारत आहे म्हणून कुणी प्रश्नच विचारणार नाही असंही नाही.

नातेवाईक काय करतो याने मोठा फरक पडतो. निवृत्त शिक्षिका असलेली आई, किराणा दुकान चालवणारे सासरे, खासगी बँकेतली बहीण यांच्यामुळे सहसा काही अडत नाही. भाऊ डीआरडीओत शास्त्रज्ञ असेल, मेहुणा सैन्यात अधिकारी असेल, काका पोलीस खात्यात वरच्या हुद्द्यावर असतील, तर प्रश्न वाढतात. वडिलांना जिल्हा परिषदेची पेन्शन मिळते हेसुद्धा विचारात घेतलं जातं, कारण ते उत्पन्न तिकडच्या सरकारकडून येतं. अशा पेन्शनने प्रकरण बुडतं असं मुळीच नाही. पण ती सांगितलेली असावी.

आता इथे आपली माणसं करतात ती मोठी गल्लत. चौकशी अधिकाऱ्यासमोर बसल्यावर वाटतं की नातं जितकं पातळ दाखवू तितकं बरं. मग 'मी घरी फारसा फोन करत नाही', 'भावाशी विशेष संबंध नाहीत' अशी उत्तरं येतात. रोज रात्री आईशी व्हिडिओ कॉल करणारा माणूस असं बोलतो! याचा दुहेरी तोटा होतो. एक तर हे खरं नाही, आणि सोशल मीडिया, मित्रांचे जबाब यांतून ते उघडं पडू शकतं. दुसरं, निर्णय करणारे मुळातच असं धरून चालतात की आई-वडील-भावंडांशी माणसाची माया असणारच, आणि नवरा-बायकोच्या माहेर-सासरच्या माणसांबद्दलही आपुलकी असणारच. ती माया नाकारून काही मिळत नाही.

मिळतं ते दुसऱ्या बाजूने. सीएड-४ मध्येच लिहिलं आहे की अमेरिकेतली नाती आणि निष्ठा इतकी खोल आणि जुनी असतील की संघर्षाच्या वेळी माणूस अमेरिकेच्या बाजूने उभा राहील, तर धोका कमी धरावा. म्हणून दाखवायचं ते हे: किती वर्षं इथे आहात, मुलं इथे जन्मली आणि शाळेत जातात, घर इथे, निवृत्तीची पुंजी इथल्या ४०१-के मध्ये, मतदान करता, शाळेच्या किंवा गावाच्या कामात हात लावता. 'आईवर माझं प्रेम आहे, दर आठवड्याला बोलतो, दरवर्षी भेटतो. माझं घरदार आणि आयुष्य मात्र इथे आहे' हे उत्तर खरं आहे आणि ते टिकतं.

आता फॉर्म. एसएफ-८६ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाणारी ही प्रश्नावली आता ऑनलाइन भरतात. शंभराहून जास्त पानांची आहे. तिचा अठरावा भाग नातेवाईकांचा: आई, वडील, सावत्र नाती, मुलं, भावंडं, सासू, सासरे. अमेरिकी नागरिक नसलेल्या प्रत्येकासाठी पत्ता, नोकरी, किती वेळा संपर्क, तिकडच्या सरकारशी, सैन्याशी किंवा गुप्तचर संस्थेशी संबंध आहे का, हे सगळं. चुलत-मावस भावंडं या यादीत नाहीत म्हणून बरेच जण त्यांना सोडून देतात. पण एकोणिसावा भाग विचारतो की गेल्या सात वर्षांत कोणत्या परदेशी व्यक्तीशी तुमचा किंवा तुमच्या जोडीदाराचा जवळचा, सततचा संबंध आहे. ज्या चुलतभावाशी दर रविवारी गप्पा होतात, तो इथे यायलाच हवा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसते सुप्रभात पाठवणारे तीस जण यावेत असं नाही. पण ज्याच्याशी मायेचं किंवा उपकाराचं नातं आहे, तो यावा.

विसावा भाग मात्र आपल्या घरांसाठी खरी परीक्षा. तो विचारतो की परदेशात तुमची मालमत्ता, खाती, गुंतवणूक आहे का, किंवा कधीही होती का. 'कधीही' हा शब्द लक्षात ठेवा. पुण्यातला फ्लॅट आठवतो. एनआरओ खातं आठवतं. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी काढलेली एलआयसी पॉलिसी? अमेरिकेला जाण्याआधीचं पीपीएफ? आईच्या बचत खात्यावर सोयीसाठी लावलेलं दुसरं नाव?

आणि गावाकडची जमीन. समजा, वडील गेले. भावाने तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला, फेरफार मंजूर झाला, आणि ७/१२ वर आई, भाऊ, बहीण यांच्याबरोबर अमेरिकेतल्या मुलाचंही नाव लागलं. त्याने ना कुठे सही केली, ना एक रुपया घेतला. कदाचित त्याला कुणी सांगितलंही नसेल. तरी कागदावर तो सहमालक झाला. आणि महाराष्ट्रात हा ७/१२ कुणीही ऑनलाइन पाहू शकतो. फॉर्म भरण्याआधी भावाला फोन करून उतारा मागवा, आपलं नाव कुठे-कुठे आहे ते बघा, आणि आहे तसं लिहा: वडिलोपार्जित, इतका हिस्सा, उत्पन्न भाऊ घेतो. किंमतही अंदाजाने द्यावी लागते. निर्णय करणारा ती किंमत तुमच्या अमेरिकेतल्या घराशी आणि बचतीशी ताडून पाहतो. इथे मोठी मालमत्ता आणि तिकडे दोन एकरांतला चौथा हिस्सा, असं चित्र असेल तर त्या जमिनीच्या आमिषाने कुणी तुम्हाला झुकवेल हे पटणारं नाही. उलट सगळी पुंजी तिकडे आणि इथे भाड्याचं घर असेल तर प्रश्न गंभीर होतो.

याच भागात परदेशी नागरिकाला कधी आर्थिक मदत केली का, असाही प्रश्न आहे. दर महिन्याला आईला पाठवलेले पैसे, बहिणीच्या लग्नाला दिलेली रक्कम, दोन्ही त्यात बसतात. यात लपवण्यासारखं काही नाही. मुलाने आईला पैसे पाठवणं कुणाही न्यायाधीशाला समजतं. एक धोका मात्र खरा आहे. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकी सरकारकडे एफबार नावाचं विवरण भरावं लागतं. सहीचा अधिकार असलेलं आईचं खातंही त्यात धरतात. हे भरलेलंच नसेल तर प्रश्न नातेवाईकांचा राहत नाही, कायदा पाळण्याचा होतो. ती चूक आधी कर सल्लागाराकडून दुरुस्त करून घ्या.

दुहेरी नागरिकत्वाबद्दल भारतीयांची स्थिती इतरांहून वेगळी आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. अमेरिकेची शपथ घेतली, त्याच क्षणी. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे: मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. म्हणून 'तुम्ही दुहेरी नागरिक आहात का' याचं उत्तर भारतीय वंशाच्या बहुतेकांसाठी 'नाही' असं येतं. तरी जुना भारतीय पासपोर्ट कधी होता, तो केव्हा परत केला, हे लिहावंच लागतं, आणि समर्पणाचं प्रमाणपत्र जपून ठेवावं. ओसीआय कार्डही, ते नागरिकत्व नाही असा खुलासा देऊन, मोकळेपणाने नोंदवावं. शपथेनंतर जुन्या पासपोर्टवर एखादी भारतवारी केली असेल, तर तो भारतीय कायद्याचाही भंग आहे. ती गोष्ट झाकून तर मुळीच ठेवू नका.

गोव्याची गोष्ट निराळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालच्या नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे, आणि अनेक गोवेकरांनी लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे. असा माणूस पुढे अमेरिकेचा नागरिक झाला तर तो खऱ्या अर्थाने दुहेरी नागरिक असतो, कारण ते दोन्ही देश याला मान्यता देतात. त्याच्यासाठी नियमांत झालेला बदल मोलाचा आहे. २००० साली संरक्षण खात्याने काढलेल्या आदेशानुसार परदेशी पासपोर्ट परत केल्याशिवाय किंवा तो ठेवायला अधिकृत मंजुरी असल्याशिवाय क्लिअरन्स नाकारला जायचा. २०१७ च्या सीएड-४ ने ते ताठर धोरण सोडलं. आता नुसतं दुहेरी नागरिकत्व अपात्र ठरवत नाही. हितसंबंधांचा प्रत्यक्ष संघर्ष दिसला, किंवा ते लपवलं, किंवा अमेरिकेत येता-जाता अमेरिकी पासपोर्टऐवजी दुसरा वापरला, तर अडचण.

क्लिअरन्स मिळाल्यावरही कळवण्याची जबाबदारी सुटत नाही. 'सीएड-३' या दुसऱ्या निर्देशानुसार खासगी परदेश प्रवास आधी कळवावा लागतो; दिवाळीला पुण्याला जायचं असलं तरी. टॉप सिक्रेटवाल्यांना परदेशातली मालमत्ता, बँक खातं, आणि घरी तीस दिवसांहून जास्त राहणारा परदेशी नागरिकही कळवावा लागतो. नातवंडाच्या जन्माला सहा महिने येऊन राहणाऱ्या सासूबाई यात बसतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आणि गावाहून मध्यरात्री वाईट बातमीचा फोन आला, पहिल्या विमानाने निघायचं आहे, तर? त्याचीही सोय आहे. निघण्यापूर्वी वरिष्ठांना किंवा सुरक्षा अधिकाऱ्याला थोडक्यात कळवायचं, आणि परतल्यावर कामाच्या पाच दिवसांत पूर्ण माहिती द्यायची.

सगळं करूनही शंका उरलीच, तर कंत्राटी कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांना 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' नावाचं पत्र येतं. त्यात कोणत्या कसोटीखाली काय आक्षेप आहे ते मुद्देवार असतं. घाबरून राजीनामा देऊ नका. हा अंतिम निकाल नाही. वीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं, आणि डोहा या संरक्षण खात्याच्या सुनावणी-अपील कार्यालयाच्या न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते. मी प्रत्येकाला सुनावणीच मागायला सांगेन, कारण कागदावर 'आई, भारतीय नागरिक, निवृत्त' एवढंच दिसतं. समोर बसलेला माणूस त्याहून बरंच काही सांगू शकतो. वकील स्वखर्चाने नेता येतो. डोहाचे निकाल, अर्जदारांची नावं काढून, इंटरनेटवर प्रसिद्ध होतात. भारताशी संबंधित पाच-सहा निकाल शांतपणे वाचले तर कोणत्या घरांना क्लिअरन्स मिळाला आणि कुणाचं कुठे अडलं, हे कुठल्याही ऐकीव माहितीपेक्षा चांगलं कळतं.

खोटी माहिती दिल्यामुळे अडलं तर मात्र वाचणं अवघड. ती कसोटी 'ई', वैयक्तिक वर्तनाची. शिवाय जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघराज्यीय गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. नातेवाईकांमुळे नकार मिळालेल्या माणसाला अपील मंडळाकडे जाता येतं, आणि तिथेही यश आलं नाही तर एका वर्षानंतर पुन्हा अर्जाचा मार्ग असतो. तोवर परिस्थिती बदललेली असू शकते: फ्लॅट विकलेला, भाऊ निवृत्त झालेला, आई-वडील ग्रीन कार्डवर इथे आलेले.